नायट्रिक ऑक्साइड म्हणजे लाफिंग गॅस नाही भाऊ

धरमपेठेत तर्री पोहे खाताना जिमवाला मित्र म्हणे, बीटच्या ज्यूसनं जे नायट्रिक ऑक्साइड बनते ना, तोच डेंटिस्टकडचा लाफिंग गॅस. काहीच्या काही बे! तो नायट्रस ऑक्साइड, त्यात नायट्रोजनचे 2 अणू, यात 1च. हे तर मेंदूतल्या पेशीसुद्धा आर्जिनिनपासून स्वतः बनवतात अन् गंमत म्हणजे पेशी-पेशींत निरोप नेणाऱ्या बाकी रसायनांसारखं, म्हणजे बाकी निरोप्यांसारखं, ते पेशीतल्या पिशवीत साठवून ठेवता येत नाही, बनलं की पेशीच्या पडद्यातून सरळ पलीकडे, काही सेकंदांत खल्लास. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच हार्मोन किती सुटावं यात त्याचा हात असते, अन् त्यावरच पुढे पिट्यूटरी ग्रंथीचं एलएच हार्मोन, मग टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन या सेक्स हार्मोन्सचा सगळा कारभार. 1998 चं नोबेल रक्तवाहिन्यांतल्या त्याच्या निरोप्यागिरीच्या शोधाला मिळालं, हसवण्याला नाही.