शेंडेमर की स्टेम नेक्रोसिस? फरक प्रथिनाच्या पकडीत आहे

उन्हाळी भुईमुगाचा शेंडा काळा पडून वाळायला लागला की लातूर-परभणीकडे एकच नाव निघतं, शेंडेमर. फुलकिडे दिसतातच, मग लगेच फवारणी. पण हे लक्षण दोन अगदी वेगळ्या विषाणूंचं असू शकतं. सन २००० मध्ये आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात भुईमूग मोठ्या क्षेत्रावर मेला, तेव्हा पहिला संशय शेंडेमरवरच होता. एलायझा चाचणीत मात्र शेंडेमरचा विषाणू सापडलाच नाही. निघाला टोबॅको स्ट्रीक व्हायरस, म्हणजे टीएसव्ही. भुईमुगावरच्या त्याच्या रोगाला स्टेम नेक्रोसिस म्हणतात. सूर्यफुलावर नेक्रोसिस, म्हणजे झाडाचे भाग काळे पडून मरणं, आणणारा तोच. गंमत म्हणजे ही चाचणी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकं असलेला धागा, ओळखत नाही, आरएनएला धरून बसलेलं प्रथिन ओळखते. या दोघांतला खरा फरकही त्या धरण्यातच आहे.

दोघांचाही जनुकसंच एकेरी आरएनएच्या तीन तुकड्यांचा. साम्य जवळपास इथंच संपतं. विषाणू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भुईमुगाची शेंग येते: बाहेर टरफल, आत दाणा. टीएसव्हीला हे चित्र अर्धंच लागू पडतं, शेंडेमरला तर मुळीच नाही.

टीएसव्हीचा कण साधारण ३० नॅनोमीटरचा, गोलसर, पण एकसारखा नाही. काही लहान, काही मोठे. कवचातल्या प्रत्येक प्रथिनाचा मुख्य भाग घट्ट घडीचा असतो आणि एक सैल, धनभारित शेपूट आत लोंबतं. आरएनएचा कणा ऋणभारित. तो स्वतःलाच दूर ढकलत असतो, आणि ही शेपटं त्याला शांत करून आत दाबून बसवतात. प्रथिनांची आपसातली पकड मात्र ढिली. कवच बऱ्याच अंशी आरएनएच्याच आधारावर उभं असतं, म्हणून टीएसव्हीच्या गटातले विषाणू प्रयोगशाळेत चटकन फुटतात. तीन मोठे तुकडे वेगवेगळ्या कणांत भरलेले असतात. रोग लागायला तिघांनी एकाच पेशीत पोचायला हवं.

त्याहून मजेशीर गोष्ट पुढे आहे. नुसते तिन्ही आरएनए पेशीत सोडले तर संसर्ग जवळजवळ होतच नाही. कवचाच्या प्रथिनाचे थोडे रेणू सोबत लागतात, आणि ते प्रत्येक आरएनएच्या शेवटच्या टोकाला चिकटतात. अल्फाल्फा मोझॅक या भाऊबंद विषाणूच्या रचनेत हे जवळून पाहता आलं: प्रथिनाचं सैल शेपूट आरएनएवर बसताच मळसूत्रासारखा पीळ घेतं आणि आरएनएही त्याच्याभोवती घडी घेतो. म्हणजे ज्याला आपण नुसतं वेष्टन समजतो, तेच कामाला सुरुवात करून देतं.

शेंडेमरच्या विषाणूला असं कवचच नाही. त्याचं एन-प्रथिन आरएनएवर रांगेनं बसतं आणि आरएनए प्रत्येक रेणूच्या धनभारित खाचेत जातो. प्रत्येक रेणूला दोन हात असतात, एक अलीकडच्या शेजाऱ्याला धरतो, दुसरा पलीकडच्याला. याच गटातल्या टोमॅटो स्पॉटेड विल्ट विषाणूच्या स्फटिकरचनेत तीन रेणूंचं असं कडं स्पष्ट दिसलं. पूर्ण साखळी मात्र लवचीक असते. ती ८० ते १२० नॅनोमीटरच्या स्निग्ध पडद्यात भरली जाते, बाहेर दोन प्रकारची शर्करायुक्त प्रथिनं.

पेशीत शिरल्यावर पडदा जातो, एन-प्रथिन जात नाही. नक्कल करणारं एन्झाइम उघडा आरएनए वाचतच नाही, त्याला एनने झाकलेलाच साचा लागतो. म्हणून ते एन्झाइमही विषाणू सोबतच घेऊन येतो.

आता शेताकडे. पडद्यावरची प्रथिनं शेंडेमरच्या विषाणूला फुलकिड्याच्या आतड्यात शिरू देतात. तो किड्यातच वाढतो, पिल्लू असताना घेतलेला विषाणू प्रौढ किडा पसरवतो. टीएसव्ही किड्याच्या आत वाढत नाही. तो परागकणांतून येतो, बहुधा बांधावरच्या गाजरगवताच्या, आणि फुलकिड्यानं खरवडलेल्या पानाच्या जखमेतून आत शिरतो. गाजरगवतावर लक्षण दिसत नाही, म्हणून त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. टीएसव्ही असेल तर पेरणीआधी आणि फुलोऱ्यापूर्वी ते उपटणं औषधाच्या डब्यापेक्षा स्वस्त पडतं, शिवाय कडेनं ज्वारीच्या दाट ओळी. शेंडेमरसाठी मात्र पीक विरळ पडू न देणं आणि बाजरीचं आंतरपीक जास्त कामाचं.