‘फ्री डायव्हिंग’मधला ‘फ्री’ आधी कुणाचा?

मोती आणि स्पंज काढणारे लोक श्वास रोखून बुड्या मारत आले ते शतकानुशतके. त्यासाठी वेगळे इंग्रजी नाव लागले ते यंत्रे आल्यावर. आज त्यांच्या त्या प्रकाराला ‘फ्री डायव्हिंग’ म्हणतात, पण हे नाव आधी दुसऱ्याच मंडळींना लावले जाई.

तांब्याचे शिरस्त्राण, शिशाचे बूट आणि वरच्या पंपातून हवा आणणारी नळी, असा जुन्या पाणबुड्याचा थाट. नळी पुरेल तेवढेच त्याचे जग. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये एका नौदल अधिकाऱ्याने आणि एका इंजिनिअरने मिळून अ‍ॅक्वालंग, म्हणजे पाण्याखाली सिलिंडरमधल्या हवेवर श्वास घेण्याचे उपकरण, तयार केले. युद्धामुळे पेट्रोलची टंचाई होती, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी या इंजिनिअरने एक झडप केली होती. तीच सुधारून सिलिंडरला बसवली. श्वास ओढला की हवा, एरवी बंद. नळी सुटली, माणूस मोकळा झाला, म्हणून तो ‘फ्री’. पन्नाशीच्या दशकातल्या लिखाणात ‘फ्री डायव्हर’ म्हणून भेटतो तो बहुतेकदा पाठीवर सिलिंडर घेतलेला गडी.

त्यात ‘स्किन डायव्हिंग’ने घोळ वाढवला. जड पोशाखाशिवाय उतरणारा तो स्किन डायव्हर. अमेरिकेत सिलिंडरवालेही त्यातच धरले जात. पुढे ‘स्कूबा’ (सेल्फ-कन्टेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग अ‍ॅपरेटस, म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण उपकरण) रुळला. हे लघुरूप एका अमेरिकन डॉक्टरने काढले. गंमत म्हणजे त्याचे स्वतःचे उपकरण बुडबुडे न सोडणारे, सोडलेला श्वास शुद्ध करून परत देणारे होते. तारकर्लीला पर्यटक लावतात तो संच अ‍ॅक्वालंगच्या वंशातला. सिलिंडरवाल्यांना ‘स्कूबा’ मिळाल्यावर ‘फ्री’ रिकामा पडला आणि श्वास रोखणाऱ्यांकडे आला.

हा निव्वळ शब्दच्छल नाही. स्कूबात श्वास रोखून वर येणे हा सर्वांत मोठा गुन्हा: १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना फुप्फुसातली हवा दुप्पट फुगते. तिथे श्वास रोखायचा नाही, इथे श्वास रोखणे हाच खेळ. त्यामुळे जुन्या ‘फ्री’ बुड्यांची खोली आजच्या विक्रमांशेजारी मांडणे चूकच.

विक्रमांचेही प्रकरण आहेच. १९७० मध्ये डायव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने धोक्याचे कारण देत खोलीच्या विक्रमांना मान्यता देणे थांबवले. बुड्या थांबल्या नाहीतच. १९७६ मध्ये इटलीच्या एल्बा बेटाजवळ एका फ्रेंच माणसाने १०० मीटर गाठले. नियम आणि पंच यांची घडी बसवायला १९९२ मध्ये वेगळी संघटना निघाली, तोवर ‘फ्री’चा नवा अर्थ पक्का झालेला होता. डॉक्टर मात्र शोधनिबंधांत अजून ‘ब्रेथ-होल्ड डायव्हिंग’च लिहितात.