बंपरवरचा रंग का सुटतो?

सांगली-मिरज रस्त्यावरील एखाद्या गॅरेजात बंपरच्या रंगाचा विषय काढला, की ‘पॉलिश पेपर नीट मारला तर प्लास्टिक कुठलेही असो, रंग धरतोच’ असे ठामपणे सांगितले जाते. पत्र्याच्या अनुभवातून आलेली ही समजूत दुचाकीच्या एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या पॅनेलवर कशीबशी निभावते. मोटारीच्या बंपरवर मात्र ती फसते आणि प्रेशर वॉशच्या फवाऱ्याने रंगाचा अख्खा पापुद्रा निघून येतो.

बंपर उलटा करून पाहिल्यास आतील बाजूस बहुधा रोमन लिपीत ‘पीपी’ किंवा ‘पीपी+ईपीडीएम’ अशी उठावाची अक्षरे सापडतात. ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेले रबर, तर पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, अर्थात केवळ कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या. त्यांच्यात विद्युतभार जवळपास समान वाटलेला असल्याने बाहेरच्या रेणूला ओढून धरणारे बल फार दुबळे असते. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन, तर पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा, म्हणजे बाहेरच्या पदार्थाला धरून ठेवण्याची पृष्ठभागाची ओढ, त्याच मापात जेमतेम ३०. म्हणूनच त्यावर पाणी अळूच्या पानावर असावे तसे थेंबाथेंबाने उभे राहते. गंमत अशी की, अळूचे पान सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीतच दिसते. जो पृष्ठभाग मुळात पाण्याने भिजत नाही, तो खडबडीत झाल्यावर पाण्याला आणखीच झिडकारतो. थिनरचा पृष्ठताण पाण्यापेक्षा पुष्कळ कमी असल्याने ओला रंग मात्र बऱ्यापैकी पसरतो आणि काम जमल्याचा भास होतो. एबीएसचा वरचा थर थिनरमध्ये किंचित विरघळतो, त्यामुळे रंगाला आत शिरकाव मिळतो. अंशतः स्फटिकमय असलेले पॉलिप्रॉपिलीन नेहमीच्या तापमानाला थिनरला दाद देत नाही. थिनर उडून गेला, की रंग त्यावर नुसता टेकलेला उरतो.

कारखान्यांत बंपरवरून क्षणभर ज्योत फिरवून पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार करतात. गॅरेजात हे काम प्लास्टिक प्रायमरकडे असते. त्यातील क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनच्या साखळ्या बऱ्याच अंशी पॉलिप्रॉपिलीनसारख्याच असल्यामुळे, झायलीनसारख्या द्रावकाने किंचित फुगलेल्या पृष्ठभागात, विशेषतः त्यातील ईपीडीएम रबरात, त्या शिरून गुंततात, तर क्लोरिन जोडलेले भाग वरच्या रंगाशी जवळीक साधतात. हा थर ५ ते १० मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवा. ‘एक हात जास्त मारू’ हा उदारपणा येथे महागात पडतो, कारण जाड थर स्वतःच मधून फाटतो.

त्याआधीची धुलाई साबणाच्या पाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने करावी. पॉलिशमधील सिलिकॉन मागे राहिल्यास ताज्या रंगात गोल खड्डे पडतात. घासायचे ते राखाडी स्कफ पॅडने, म्हणजे घासणीसारख्या तंतुमय पॅडने, तेही हलक्या हाताने, कारण जोर दिल्यास मऊ प्लास्टिकवर तूस उठते आणि ते रंगाखालूनही दिसते.

अमावस्येला रंगकाम टाळणाऱ्यांनी थोडे लक्ष चंद्राऐवजी हवेतील बाष्पाकडे द्यावे. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, आषाढातील दमट हवेतले बाष्प त्यावर साकळते आणि रंग पांढुरका होतो. पौर्णिमेला हवा तितकीच दमट असेल, तर तेव्हाही हेच घडेल. अशा वेळी सावकाश उडणारा थिनर वापरावा किंवा उघडीप मिळेपर्यंत स्प्रे गन बाजूला ठेवावी.