फराळाचं पार्सल परदेशी पाठवायचंय? दर विचारण्याआधी एवढी तयारी करा

दिवाळी जवळ आली की कुरिअरच्या काउंटरवर एकच प्रश्न सारखा ऐकू येतो: "अमेरिकेला पाच किलोला किती?" समोरचा माणूस पाच किलोचा आकडा सांगतो. तो डोक्यात धरून घरी खोका भरला जातो आणि बुकिंगच्या दिवशी बिल येतं साडेसात किलोचं. यात दर वेळी फसवणूक असतेच असं नाही. आपण विचारलेलं असतं फराळाचं वजन, दर लागतो खोक्याच्या आकाराला.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी काय जाणार ते पक्कं करा, मग खोका भरा, मोजा, कागद जमवा आणि सगळ्यात शेवटी दर विचारा.

आकारी वजन

विमानात जागा महाग असते, त्यामुळे कुरिअर कंपन्या दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारावरून. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि आंतरराष्ट्रीय एक्स्प्रेससाठी बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. दोन्हींपैकी जे जास्त, ते बिलाचं वजन. तेही पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत वर ओढलं जातं.

४०×३०×३० सेंमीचा खोका घ्या. गुणाकार ३६,०००, भागिले ५,०००, म्हणजे ७.२ किलो. बिल ७.५ किलोचं, आत फराळ पाचच किलो असला तरी. तोच माल ४०×३०×२० मध्ये बसवला तर ४.८ येतात, बिल ५ किलोचं. उंचीतले दहा सेंमी अडीच किलोंना पडले.

फराळ या हिशेबात मुळातच अवघड गिऱ्हाईक आहे. चिवडा म्हणजे अर्धी हवा. चकली आणि कडबोळी गोल, मधे पोकळ. बेसनाचे लाडू आणि शंकरपाळे मात्र थोड्या जागेत भरपूर वजन देतात. नुसत्या चिवड्या-चकलीचा खोका आकारावर मार खातो. त्यात लाडू, शंकरपाळे किंवा दोन पुस्तकं घातली की दोन्ही वजनं जवळ येतात आणि पैसे वसूल होतात. चकल्या गोल बरणीत न भरता चौकोनी डब्यात एकावर एक रचल्या तर कोपरे वाया जात नाहीत. चिवड्याची पिशवी सील करताना हवा थोडी राहू द्यावी, नाहीतर पोह्यांचा चुरा होतो. पण पिशवीची उशी करू नये.

माप घ्यायचं ते भरलेल्या, वरून तात्पुरती टेप लावलेल्या खोक्याचं. रिकाम्या खोक्यावर छापलेलं माप उपयोगाचं नाही. ठासून भरलेला खोका फुगतो आणि कुरिअरच्या केंद्रावर मोजणी होते ती सर्वांत फुगीर ठिकाणी. वरचा ४०×३०×३० चा खोका फुगून ४२×३२×३३ झाला तर ४४,३५२ भागिले ५,०००, म्हणजे ८.८७ आणि बिल ९ किलोचं. पाच पदरी, म्हणजे फाइव्ह प्लाय खोका घेतला तर फुगणं कमी होतं. जुना किराण्याचा खोका मऊ पडलेला असतो, तो या कामाला घेऊ नये. वरची टेप पक्की मात्र करू नका. काउंटरवर आतला माल पाहूनच बुकिंग होतं आणि आपण चार वेढे मारलेली टेप तिथे ब्लेडने कापावी लागते.

वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा बहुधा अपुरा पडतो. स्वतःला खोक्यासकट बाथरूमच्या काट्यावर तोलून वजाबाकी करण्यात शे-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते, आणि ४.९ चे ५.१ झाले की बिल ५.५ चं. ओळखीच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा यापेक्षा बरा. मेजपट्टी लावलेल्या खोक्याचा आणि काट्यावरच्या आकड्याचा एकेक फोटो काढून ठेवा. पुढे केंद्रावर फेरमोजणी होऊन फरकाची रक्कम मागितली गेली, तर बोलायला तेवढाच आधार असतो.

कोणत्या देशात काय अडतं

सामानाची यादी करताना पाठवणाऱ्याच्या घरात काय चालतं हे बाजूला ठेवून उतरणाऱ्या देशात काय चालतं ते पाहावं लागतं.

अनारसे घ्या. वर खसखस आहे. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. दुबईच्या खोक्यात अनारसे घालणं म्हणजे लेकाला पोलीस चौकशीच्या तोंडी देणं. तिकडच्या पार्सलातून ते वगळा, खसखस लावलेले इतर पदार्थही.

ब्रिटन आणि युरोपीय संघात भारतातून वैयक्तिक पार्सलने दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, खव्याच्या करंज्या, साजूक तुपाची बरणी, हे सगळं बाद. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची जैवसुरक्षा तपासणी त्याहून कडक. दुधाचे पदार्थ, बिया, वाळवलेली पानं, फुलं असं काहीही तिथे थांबतं. ओल्या नारळाच्या करंज्यांना बंदी असो-नसो, वाटेतच आंबतात.

अमेरिकेला अन्नपदार्थ पाठवताना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला आगाऊ सूचना देण्याचा नियम आहे. घरी स्वतः बनवून स्वतःच भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाला त्यातून सूट आहे. दुकानातून आणलेल्या फराळाला ती सूट लागू नाही. त्यामुळे विकतच्या पाकिटावर घटक, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि तारीख छापलेली असावी. घरगुती किती नि विकतचं किती, हे दर विचारतानाच सांगा.

फराळाच्या बरोबरीने जाणाऱ्या वस्तूही पाहून घ्या. फुलबाज्या, काडेपेटी, स्प्रेचे डबे, अत्तर विमानाने जात नाहीत. सुटी पॉवर बँकही काढून ठेवा. सुगंधी तेल आणि लोणचं बरेच कुरिअर घेतच नाहीत, कारण एक बरणी फुटली की शेजारचे दहा खोके तेलकट होतात. उटणं चालतं, पण यादीत नुसतं 'पावडर' लिहिलंत तर खोका हमखास उघडला जाणार.

कोण पाठवू शकतं, कागद कोणते

कोणीही व्यक्ती भेट म्हणून पार्सल पाठवू शकते. त्यासाठी निर्यात परवाना लागत नाही. मात्र भेट ही व्यक्तीकडून व्यक्तीला असते. फराळाचा व्यवसाय असेल आणि ग्राहकाने पैसे दिले असतील तर ते पार्सल व्यापारी आहे. त्याला आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड क्रमांक आणि व्यापारी इनव्हॉइस लागतं, 'गिफ्ट' लिहून ते चालत नाही.

व्यक्तीसाठी कागद थोडेच. ओळख आणि पत्त्याचा पुरावा म्हणून आधार, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. सामानाची किमतीसह यादी, म्हणजेच प्रोफॉर्मा इनव्हॉइस. औषधं असतील तर ज्याला पाठवायची त्याच्या नावाचं डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन आणि दुकानाचं बिल. टपाल खात्यातून पाठवणार असाल तर सीमाशुल्काचा सीएन २२ किंवा सीएन २३ फॉर्म भरावा लागतो. टपालाला वजनाची मर्यादा देशागणिक बदलते, त्यामुळे मोठा खोका भरण्याआधी काउंटरवर विचारा.

बहुतेक अडतं ते नावापाशी. आधारवर वडिलांचं नाव, पार्सलवर आईचं, फोन तिसऱ्याचाच. पाठवणारा म्हणून एकच व्यक्ती ठरवा आणि तिचंच नाव आधार, इनव्हॉइस आणि लेबलवर एकसारखं, त्याच स्पेलिंगने येऊ द्या. आधारवर गावचा पत्ता असेल आणि पिकअप पुण्यातून असेल, तर इथल्या पत्त्याचं लाइट बिल जवळ ठेवा.

यादी आणि किंमत

'स्नॅक्स, ५ किलो' ही यादी नव्हे. सीमाशुल्क अधिकाऱ्याला 'चकली' हा शब्दही काही सांगत नाही. पदार्थ कशाचा, घरगुती की विकतचा, किती नग किंवा ग्रॅम, किंमत किती, असं एकेक ओळीत लिहा. उदाहरणार्थ चिवड्यासाठी 'होममेड पोहा स्नॅक, शाकाहारी, ५०० ग्रॅम, २ पाकिटं, ४०० रुपये', आणि फॉर्मवर हेच इंग्रजीत. एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कात मालाच्या वर्गवारीचा आकडा, विचारला तर चिवडा-शेवेसारख्या नमकीनला २१०६ ९०, छापील पुस्तकांना ४९०१, खोट्या दागिन्यांना ७११७.

किंमत शून्य लिहिता येत नाही. करमाफीच्या मर्यादा लक्षात ठेवून सामान निवडा: भेटवस्तूंसाठी ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपीय संघात ४५ युरो, कॅनडात ६० कॅनेडियन डॉलर, अमेरिकेत १०० डॉलर. अमेरिकेतली ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची जुनी सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली आहे, पण जुन्या माहितीवर आजही लोक पैठणी निर्धास्त घालतात. फराळ मर्यादेत बसतो, पैठणी बसत नाही. ती वेगळी पाठवा. किंमत मुद्दाम कमी लिहिलीत तर खोका हरवल्यावर भरपाईही तेवढीच मिळेल.

पत्ता

पिन कोडशिवाय खरा दर निघत नाही, कारण शहराबाहेरच्या भागाला वेगळा अधिभार असतो. अमेरिकेचा पाच आकडी झिप, ब्रिटनचा पूर्ण पोस्टकोड घ्या. अमिरातीत पिन कोडच नसतो आणि पोस्ट बॉक्सवर एक्स्प्रेस कुरिअर पोहोचवत नाही. तिथे इमारतीचं नाव, फ्लॅट क्रमांक आणि चालू मोबाइल हाच पत्ता.

दर विचारायचा मेसेज

हे सगळं जमलं की मेसेज असा होतो, आणि तोच शब्दही न बदलता तीन ठिकाणी पाठवा:

"पिकअप पुणे ४११०३८, पोहोच एडिसन, न्यू जर्सी ०८८२०. एक खोका, पॅक करून ४.६ किलो, ४०×३०×२० सेंमी. घरगुती शाकाहारी फराळ ४ किलो, सुती कुर्ते २. एकूण किंमत ३,२०० रुपये, भेट. द्रव, बॅटरी नाही. बिलाचं वजन किती धरलं, आकारी वजनाला कितीने भागलं, इंधन अधिभार आणि १८ टक्के जीएसटी धरून एकूण किती, तिकडचा कर कोण भरणार, आणि दर कोणत्या तारखेपर्यंत?"

शेवटच्या ओळीतले प्रश्न गाळू नका. ५,००० ऐवजी ४,००० ने भागलं तर हाच खोका ५ चा ६ किलो होतो, मग किलोमागे स्वस्त दिसणारा दर एकूणात महाग पडतो. इंधन अधिभार काही कंपन्या आठवड्याला, काही महिन्याला बदलतात, त्यामुळे पंधरा दिवसांपूर्वीचा कोट, म्हणजे सांगितलेला दर, धरून जाऊ नका. कर पाठवणारा भरणार की घेणारा, हे कोटवर लिहून घ्या. ठरलं नसेल तर तिकडे मुलीच्या दारात कुरिअरवाला आधी पैसे मागतो.

१० किलोचा दरही विचारून ठेवा. मोठ्या स्लॅबला किलोमागचा दर बहुधा उतरतो आणि एकाच गावात दोन भावंडं असतील तर दोन खोक्यांपेक्षा एक मोठा स्वस्त पडू शकतो. पण मग किंमत एकाच नावावर चढते, तेव्हा भेटीची मर्यादा पुन्हा मोजा.