पिशवीच्या तोंडाची तपासणी: अर्ज नाही, पण ‘सीबॅक’ भरलेला असू द्या

“ताई, फॉर्म कुठं मिळतो?” उपकेंद्रात तपासणीची पाटी लागली की हा प्रश्न ठरलेला. गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, कर्करोगाच्या सरकारी तपासणीला अर्जच नाही. उत्पन्नाचा दाखला नको, रेशनकार्डाचा रंग कुणी बघत नाही. वय 30 ते 65, तपासणी दर 5 वर्षांनी, मोफत.

भरायचा कागद एकच, तोही आशाताईने: सीबॅक, म्हणजे आजाराचा धोका किती हे बघायची प्रश्नावली. तंबाखू-मिश्री, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर, यावर गुण पडतात. गुण 4 च्या वर गेले तर नंबर आधी लागतो. कमी पडले म्हणून तपासणी चुकवायची नाही. खरी गोम पुढच्या प्रश्नांत आहे. दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातं का, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलं का, संबंधानंतर दिसतं का, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला वास येतो का. ओसरीवर सासूसमोर विचारलंत तर उत्तर ‘नाही’च येणार. आत नेऊन विचारा. एकालाही ‘हो’ आलं तर तपासणीच्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरकडे पाठवा.

येताना आधार किंवा दुसरं ओळखपत्र, मोबाइल आणि असेल तर आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) क्रमांक आणावा. पिशवी काढलेली असेल तर त्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्डही हवं. पिशवीचं तोंड आत ठेवलंय की नाही, हे त्यावरून कळतं, आणि ठेवलं असेल तर तपासणी लागतेच. पाळी चालू असताना, गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर 12 आठवडे ही तपासणी, म्हणजे व्हीआयए, करत नाहीत.

व्हीआयए म्हणजे पिशवीच्या तोंडाला 3 ते 5 टक्के अॅसिटिक आम्लाचा बोळा लावून 1 मिनिट थांबायचं. लोणच्याच्या व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. पांढरा डाग उमटला तर पॉझिटिव्ह. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे बाई टेबलावरून उतरायच्या आत सांगा. घरी गेल्यावर सांगायला तुम्ही नसता, शेजारीण असते.

आता बदलाचं. 2021 पासून जागतिक आरोग्य संघटना पहिली चाचणी म्हणून एचपीव्ही डीएनए (हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणारी) सुचवते: तिशीपासून, 5 ते 10 वर्षांनी, एचआयव्ही असलेल्यांना पंचविशीपासून, 3 ते 5 वर्षांनी. त्याचा एक मोठा पुरावा आपल्याच तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला आहे. सव्वा लाखाहून अधिक बायकांच्या त्या अभ्यासात, 2009 साली छापलेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणून व्हीआयए टाकाऊ ठरत नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी ती केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पाळी गेलेल्या बाईत मात्र बघायचा भाग आत सरकतो आणि व्हीआयए फसवी ठरते. तिला एचपीव्ही किंवा पॅपसाठी (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन बघायची चाचणी) पुढे पाठवलेलं बरं.

पॉझिटिव्ह बाईला नुसती चिठ्ठी देऊ नका. कोल्पोस्कोपी (पिशवीचं तोंड भिंगातून मोठं करून बघणं) कुठल्या रुग्णालयात, कुठल्या वारी, सोबत कोण, हे तिथेच लिहा आणि त्या दिवशी फोन करा. कर्करोग निघाला तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात. तिथे मात्र कागद लागतात: रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या (योजनेचा मदतनीस) टेबलावर जायचं. दोन्हींवरचं नाव जुळतंय ना, हे निघण्याआधी बघा. एकावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, यात निष्कारण एक फेरी वाया जाते.