जपान : माणसं घटली, तरी कामाला हात कुठून आले?

१९७४ च्या जुलैत तोक्योमध्ये लोकसंख्येवर एक परिषद भरली आणि तिने जपानी जोडप्यांना सांगितलं, मुलं दोनच पुरेत. आदल्या वर्षीच अरब देशांनी तेल रोखलं होतं, भाव भडकले होते, दुकानांत टॉयलेट पेपरसाठीसुद्धा झुंबड उडाली होती. जवळपास सगळं तेल आणि बराचसा गहू-सोयाबीन बाहेरून आणणाऱ्या देशाला खाणारी तोंडं जास्त वाटली, यात नवल नाही. गंमत अशी, की त्याच वर्षी जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या, लोकसंख्या टिकायला लागणाऱ्या २.१ च्या खाली आला आणि पुन्हा कधीच वर गेला नाही.

हे ध्यानात यायला १९९० उजाडलं. जपानी पंचांगात साठ वर्षांनी एकदा 'अग्नी-अश्वा'चं वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते असा समज आहे, आपल्याकडच्या कडक मंगळासारखाच. १९६६ साली लोकांनी मूल होऊ देणंच टाळलं. आदल्या वर्षीपेक्षा जन्म सुमारे पाव हिश्शाने घटले आणि जननदर १.५८ झाला. १९८९ चा आकडा निघाला १.५७, आणि तोही कुठल्याच अपशकुनाविना. '१.५७ चा धक्का' हे शब्द तेव्हापासून तिथे रूढ झाले.

मग योजना सुरू झाल्या. १९९४ ची 'एंजल योजना' पाळणाघरांवर भर देणारी होती, २००३ साली घटत्या जन्मांबाबत कायदा झाला, २०२३ मध्ये मुलं आणि कुटुंबांसाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली. जननदर २००५ मध्ये १.२६ पर्यंत घसरला, मधे थोडा सावरला आणि २०२४ मध्ये १.१५ वर आला. लग्नच उशिरा होतं किंवा होतच नाही आणि नोकरी कंत्राटी असते, तिथे भत्ता देऊन फारसं काही हलत नाही.

जपान तगला तो दुसऱ्याच वाटेने, आणि माझ्या मते खरं धोरण तेच. १५ ते ६४ वयाची माणसं १९९५ च्या सुमारास ८.७ कोटी होती, आता ७.४ कोटींच्या आसपास आहेत. तरीही काम करणाऱ्यांची संख्या २०२४ मध्ये विक्रमी झाली. कंपन्यांना ६५ पर्यंत काम देणं बंधनकारक झालं आणि २०२१ पासून सत्तरीपर्यंत तसा प्रयत्न करणं. १५ ते ६४ वयाच्या बायकांत कामावर असलेल्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांवर गेलं. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणी अर्धवेळ किंवा कंत्राटी आहेत, हे मात्र सरकारी भाषणांत क्वचितच येतं.

माणसं घटल्याची झळ सगळीकडे सारखी बसली नाही. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं युबारी हे कोळशाचं गाव १९६० मध्ये लाखापेक्षा जास्त वस्तीचं होतं. खाणी बंद पडल्या, पर्यटनावर काढलेलं कर्ज अंगावर आलं आणि २००७ मध्ये नगरपालिकेने दिवाळखोरी पत्करली. पुढे गावात एकच प्राथमिक शाळा उरली. आज वस्ती सात हजारांच्याही खाली आहे.

२०१० मध्ये, जपान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या सेन्काकू बेटांवरून वाद पेटला आणि इलेक्ट्रॉनिक्सला लागणारी, चीनकडून येणारी दुर्मिळ खनिजं अडली. तेव्हापासून तेलटंचाईच्या काळातली पुरवठ्याची धास्ती पुन्हा वर आली. पुढच्याच वर्षी जपानने हीच खनिजं काढणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा घातला, २०२२ मध्ये आर्थिक सुरक्षेचा कायदा केला, आणि सरकारी अनुदानावर तैवानच्या टीएसएमसीचा चिप कारखाना कुमामोतोत उभा राहिला.

पण कारखान्यांनाही माणसं लागतात, आणि परदेशी माणसांबाबत जपानचं मन कधीच एक नव्हतं. १९९० मध्ये ब्राझील-पेरूतल्या जपानी वंशजांना दार उघडलं. २००९ च्या मंदीत त्यांनाच तीन-तीन लाख येन देऊन परत पाठवलं. 'प्रशिक्षणार्थी' या नावाखाली मजूर आणण्याची पद्धत १९९३ पासून चालली. उघडपणे कामगार म्हणून व्हिसा मिळू लागला तो २०१९ मध्ये. त्याच वर्षी तोक्योच्या एदोगावा वॉर्डातून योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला.

२०२५ च्या जुलैत 'जपानी आधी' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाने वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत १४ जागा जिंकल्या. पुढच्याच महिन्यात जपानने भारताशी मनुष्यबळाचा आराखडा ठरवला : पाच वर्षांत दोन्ही देशांत मिळून पाच लाख लोकांची ये-जा, त्यातले पन्नास हजार भारतातून जाणारे कुशल उमेदवार.