बॅरल तापलं की ग्रुप का फुटतो?

एकाच बिंदूवर नेम धरून पाच-दहा गोळ्या झाडायच्या आणि कागदावर त्या किती जवळ पडल्या ते मोजायचं, याला नेमबाज 'ग्रुप' म्हणतात. रायफल आणि काडतुसाची जोडी जमली आहे का, हे त्यातून कळतं. पहिली तीन छिद्रं एकमेकांना चिकटून पडली आणि पुढच्या गोळ्या भरकटल्या, की रेंजवर पहिला निकाल ठरलेला: बॅरल तापलं. हा निकाल मान्य करण्याआधी थोडा हिशोब करायला हवा.

.३०८ (हा आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचात) सारख्या मोठ्या काडतुसात साधारण २.९ ग्रॅम दारू असते आणि ती जळाल्यावर ११ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. त्यातली जवळपास एक तृतीयांश गोळी घेऊन जाते, बरीचशी तप्त वायूंबरोबर बाहेर पडते आणि ढोबळमानाने पाव हिस्सा पोलादात मुरतो. बॅरल दीड किलोचं धरलं तर दर गोळीला त्याचं तापमान सरासरी ४ अंशांनी चढतं. मे महिन्यातल्या कोल्हापूरच्या दुपारी ३६ अंशांपासून सुरुवात करून भराभर दहा गोळ्या झाडल्या, तर बॅरल सत्तरीच्या पुढे जातं.

.२२ची गोष्ट निराळी. तेजस्विनी सावंतचं २०१० सालचं म्युनिकमधलं जागतिक विजेतेपद आणि स्वप्निल कुसाळेचं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्य, दोन्ही ५० मीटर प्रकारातली, म्हणजे .२२ रायफलची. या काडतुसातली दारू ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. सामन्याचं जाड बॅरल दोन किलोचं धरलं, तर एका गोळीमागे जेमतेम ०.१ अंश वाढ. साठ गोळ्यांची पात्रता फेरी घेतली आणि हवेने काहीच उष्णता ओढून नेली नाही असं मानलं, तरी वाढ ६ अंशांपुढे जात नाही. त्यामुळे कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर .२२चा ग्रुप फुटला, तर झाडलेल्या गोळ्यांच्या उष्णतेला दोष देऊ नये. कारण दुसरीकडे शोधावं.

मोठ्या रायफलीतसुद्धा उष्णता सारखी पसरली तर फारसं बिघडत नाही. पोलाद दर अंशाला लांबीच्या दहा लाखाव्या भागाच्या १२ पट प्रसरण पावतं. ६५ सेंटिमीटरचं बॅरल ४० अंशांनी तापलं तर लांबी ०.३ मिलिमीटर वाढेल, एवढंच. घात होतो तो असमान तापण्याने. २० मिलिमीटर जाडीच्या याच बॅरलची एक बाजू दुसरीपेक्षा फक्त एका अंशाने गरम असली, तर ते इतकं वाकतं की ५० मीटरवर गोळी सुमारे २ सेंटिमीटर सरकते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. पाव अंशाच्या फरकानेही गोळी ५ मिलिमीटर हलते, आणि एका बाजूने कडक ऊन पडलं तर पाव अंशाचा फरक सहज पडू शकतो. रणगाड्याच्या तोफेच्या नळीवर उष्णतारोधक आवरण असतं ते याचसाठी. म्हणून .२२ असो की .३०८, छपराबाहेर डोकावणारं बॅरल उन्हात राहू देऊ नका. गोळ्यांच्या दोन मालिकांच्या मधल्या वेळात तर नाहीच.

असमानतेचं दुसरं कारण पोलादाच्या पोटात असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत लेथवर काम करणाऱ्याला हे नवं नाही: जॉबमधला (म्हणजे कापायच्या धातूच्या तुकड्यातला) ताण आधी काढला नाही, तर एका बाजूचा माल उतरवल्यावर जॉब वाकतो. बॅरलमध्ये गोळीला फिरकी देणारे आटे पाडताना, आणि वाकलेली नळी दाबून सरळ केली असेल तर त्यातही, असेच ताण मागे राहतात. बॅरल तापलं की ते डोकं वर काढतात. अशा रायफलची खूण म्हणजे गोळ्या दरवेळी एकाच दिशेने, क्रमाने सरकत जातात आणि थंड झाल्यावर पुन्हा मूळ जागी पडू लागतात. पातळ बॅरलमध्ये हे जास्त दिसतं. त्यावर घरगुती इलाज नाही. कमी गोळ्यांचे ग्रुप घ्यावेत, नाहीतर बॅरल बदलावं.

तिसरं कारण मात्र पाच मिनिटांत तपासता येतं. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा आणि बॅरल व स्टॉकच्या (रायफलच्या दस्त्याच्या) मधून कागदाची पट्टी किंवा नोट टोकापासून मागे सरकवत न्या. मध्येच अडकली तर बॅरल लाकडाला टेकतंय. तापल्यावर ते त्याच जागी लाकडाला रेटतं आणि गोळी उलट बाजूला फेकली जाते. स्टॉक पुढून बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवून हीच तपासणी पुन्हा करा, कारण भार आल्यावर फट बुजू शकते. लाकडी स्टॉक असेल तर जूनचा पाऊस लागल्यावर परत एकदा पाहा. आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगतं. उन्हाळ्यात मोकळी असलेली फट पावसाळ्यात मोकळी राहीलच असं नाही.

दुर्बीण लावली असेल तर आणखी एक फसगत होते. तापलेल्या बॅरलवरून वर चढणारी गरम हवा दुर्बिणीच्या तोंडासमोर थरथरते आणि टार्गेट जिथे आहे तिथे दिसत नाही. बॅरल जागचं हललेलं नसतं, तरी नेम चुकतो. बॅरलवर लांबीभर दोन बोटं रुंद कापडी पट्टी ताणून लावली की ही हवा बाजूला वळते.

तापमान मोजायचं तर इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत स्टीलवर थेट रोखू नका, आकडा खूप कमी येतो. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा बॅरलवर लावून त्यावर मोजा, आणि दरवेळी त्याच जागी. उपकरण नसेल तर हात आहेच: पाच सेकंद धरवत नसेल तर बॅरल पन्नाशी ओलांडून गेलंय, थांबा. स्थिर हवेत दीड किलोचं बॅरल निम्मं निवायला वीसेक मिनिटं घेतं. पंख्याचा झोत सोडला तर वेळ निम्म्यावर येतो. बोल्ट उघडा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आणि टोक टार्गेटच्या दिशेने ठेवा. ओलं फडकं बाहेरून चालेल, पण पाणी नळीत जाता कामा नये. पावसाळ्यात फडक्याचा उपयोग कमी, गंजाची भीती जास्त. पूर्ण थंड होण्याची वाट पाहायची गरज नसते. प्रत्येक ग्रुप साधारण त्याच तापमानाला सुरू व्हावा, हे जास्त महत्त्वाचं.

गरम चेंबरमध्ये काडतूस भरून श्वास जमवत बसू नका. दारू तापली की दाब वाढतो. नेहमीच्या दारूत दर अंशाला गोळीचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वाढतो. दूरच्या अंतरावर त्या गोळ्या वर पडतात. नेम पूर्ण जमल्यावरच भरा. .२२मध्ये उलटी अडचण येते. फार वेळ थांबलात तर गोळ्यांवरच्या मेणाचा नळीत बसलेला थर घट्ट होतो आणि पहिली गोळी बाजूला जाते. तिथे लांब विश्रांतीनंतर दोन-तीन सरावाच्या गोळ्या झाडूनच ग्रुप मोजावा.

आता आकड्यांचा सापळा. दहा गोळ्यांचा ग्रुप पाचांच्या ग्रुपपेक्षा सरासरी २४ टक्के मोठाच येतो, बॅरल बर्फासारखं थंड असलं तरी. त्यामागे निव्वळ संभाव्यतेचं गणित आहे. म्हणून ग्रुप मोठा झाला यावरून उष्णता सिद्ध होत नाही. ग्रुपचं केंद्र सरकलं तर संशयाला जागा असते. प्रत्येक छिद्राचा क्रम कागदावर लिहा, पहिल्या पाचांचं आणि शेवटच्या पाचांचं केंद्र काढा. मग एक ग्रुप दर तीन मिनिटांना एक गोळी आणि दुसरा दर वीस सेकंदांना एक, असे वेगळ्या कागदांवर घ्या आणि दोन-तीनदा करून पाहा. दोन प्रकारची काडतुसं तोलायची असतील तर एकाच्या दहा आणि मग दुसऱ्याच्या दहा असं करू नका, नाहीतर दुसऱ्याच्या वाट्याला कायम तापलेलं बॅरल येईल. दोन टार्गेटं शेजारी लावून आळीपाळीने एक-एक गोळी झाडा.